कोर्सची फी भरायच्या आधी व्हिसाचा नियम वाचा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या करिअरच्या पुरवणीत गेले काही महिने एकाच छापाच्या जाहिराती येतायत. परदेशात इंग्रजी शिकवा, अनुभवाची गरज नाही, डिग्री नसली तरी चालेल, १२० तासांचा ऑनलाइन कोर्स केला की नोकरी पक्की. या जाहिराती वाचून फी भरलेली मुलं-मुली मला सतत मेसेज करतात आणि सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, मॅडम कोर्स तर झाला, आता पुढे काय? हा प्रश्न फी भरायच्या आधी पडायला हवा होता पण तो तसा पडावा अशी माहिती त्यांना कुठे मिळतच नाही, जाहिरात मिळते. म्हणून लिहितेय. पत्र लांब झालंय, शक्य असेल तर कात्री लावू नका ही विनंती.

मी काही वर्षं व्हिएतनाममध्ये एका लँग्वेज सेंटरमध्ये इंग्रजी शिकवलं आणि पुढे तिथेच नवीन शिक्षकांचे डेमो बघायचं, त्यांची कागदपत्रं तपासायचं काम माझ्याकडे आलं. म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलेय. त्यामुळे कोणाचं काम होतं आणि कोणाचं कुठे अडतं हे जवळून बघितलंय. कमी अनुभवावर काम मिळतं का? मिळतं, मी मिळताना बघितलंय. पण सगळे ज्या क्रमाने या गोष्टीकडे जातात तो क्रमच उलटा आहे.

लोक आधी कोर्स करतात, मग नोकरी शोधतात आणि सगळ्यात शेवटी व्हिसाचं बघतात. व्हिसा सगळ्यात आधी बघायचा असतो. कारण शाळेने हो म्हणून काही होत नाही, त्या देशाच्या सरकारने तुम्हाला शिकवायच्या कामासाठी परवाना द्यावा लागतो आणि सरकारचे नियम शाळेच्या मर्जीवर बदलत नाहीत. सेंटरचा मॅनेजर तुमच्यावर कितीही खूश असला तरी वर्क परमिटच्या फॉर्मवर डिग्रीचा रकाना असतो आणि तो रिकामा ठेवून चालत नाही.

दक्षिण कोरियाचंच घ्या. तिथे इंग्रजी शिकवायला ई-२ नावाचा व्हिसा लागतो. सरकारी शाळांसाठी एपिक नावाची योजना १९९५ पासून चालू आहे आणि खाजगी क्लास, ज्यांना तिकडे हागवोन म्हणतात, ते तर गल्लोगल्ली आहेत, त्यामुळे मागणी भरपूर. पण हा व्हिसा मुळात सात देशांच्या पासपोर्टवर मिळतो, अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. वर कुठल्याही विषयातली पदवी पाहिजे, पोलीस रेकॉर्डचा दाखला पाहिजे, मेडिकल होते, त्यात ड्रग टेस्ट असते. तुमचं इंग्रजी कितीही चांगलं असलं तरी पासपोर्ट या यादीतला नसेल तर हा नेहमीचा रस्ता तुमच्यासाठी उघडा नाही. मग कोरियाच्या नावाने कोर्स विकणाऱ्याने हे पहिल्या ओळीत सांगायला नको का? नाही सांगत कोणी.

जपानचा नियम वेगळा आहे आणि मला तो जास्त न्यायाचा वाटतो. तिथल्या शाळांमध्ये शिकवायला जो इन्स्ट्रक्टर व्हिसा असतो त्यासाठी पदवी लागते आणि जी भाषा शिकवणार त्या भाषेच्या माध्यमातून निदान १२ वर्षं शिक्षण झालेलं असावं लागतं. म्हणजे पहिलीपासून इंग्रजी माध्यमात शिकलेल्याला इथे दार उघडं आहे, पासपोर्ट कुठलाही असो. जपान सरकारचा जेट प्रोग्रॅम १९८७ पासून चालू आहे, त्यात असिस्टंट लँग्वेज टीचर म्हणून घेतात, वर्गात मुख्य जपानी शिक्षक असतो आणि तुम्ही त्याच्या जोडीला. नवख्या माणसाला शिकायला ही फार चांगली जागा, फक्त निवड व्हायला वेळ लागतो आणि कोणत्या देशातून कोणत्या कामासाठी उमेदवार घेणार ते त्या त्या देशातल्या जपानी दूतावासाकडून कळतं, त्यामुळे तिथेच विचारायचं.

चीनमध्ये पदवी आणि २ वर्षांचा अनुभव मागतात, अनुभव नसेल तर १२० तासांचं टीईएफएल, म्हणजे परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याचं सर्टिफिकेट चालू शकतं, आणि साधारणपणे ज्याची मातृभाषा इंग्रजी त्यालाच घ्यायचं असा नियम आहे. तो १२० चा आकडा जाहिरातीत सारखा दिसतो त्याचं हे एक कारण. आणि जे लोक अजून जुन्या आठवणींवर सल्ले देतात त्यांना सांगावंसं वाटतं की जुलै २०२१ मध्ये चीन सरकारने शाळकरी मुलांच्या खाजगी शिकवण्यांवर कडक निर्बंध आणले, परदेशात बसून तिथल्या मुलांना ऑनलाइन शिकवणाऱ्या शिक्षकांचं काम तर जवळजवळ एका फटक्यात बंद झालं. त्याच्या आधीचे अनुभव वाचून आज ठरवू नका.

थायलंडमध्ये पासपोर्टची अट तेवढी कडक नाही, फिलिपिन्सचे कितीतरी शिक्षक तिथे आहेत. पदवी लागते, नॉन-इमिग्रंट बी हा कामाचा व्हिसा लागतो, वर्क परमिट लागतं आणि शाळेत शिकवायचं तर टीचर्स कौन्सिलचा, म्हणजे त्यांच्या खुरुसफाचा परवाना किंवा तेवढ्या काळापुरती सूट. इंग्रजी मातृभाषा नसेल तर टोइक किंवा आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा स्कोअर दाखवावा लागतो. आयईएलटीएसचा स्कोअर २ वर्षंच धरतात, तेव्हा जायचं नक्की नसताना घाईत परीक्षा देऊन ठेवू नका. व्हिएतनाममध्येही पदवी, शिकवण्याचं सर्टिफिकेट, पोलीस दाखला, मेडिकल आणि मग वर्क परमिट, आणि इंग्रजी मातृभाषा नसलेल्याकडून जास्तीचे कागद मागतात.

एवढं सगळं लिहिलं त्यात एक शब्द सारखा आला बघा, पदवी. ज्यांच्याकडे पदवी नाही त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की सर्टिफिकेट वर सर्टिफिकेट जमवू नका, राहिलेली पदवी आधी पूर्ण करा, मुक्त विद्यापीठातून करा, कुठल्याही विषयात करा. तीन कोर्स केलेला पण पदवी नसलेला माणूस व्हिसाच्या खिडकीवरून परत येतो आणि एकही कोर्स न केलेल्या पदवीधराला निदान अर्ज तरी भरता येतो. हे मी तावातावाने लिहितेय कारण चांगली शिकवणारी मुलं फक्त यासाठी अडकलेली बघितलीत.

आता पासपोर्टबद्दल. जन्म कुठे झाला यावरून चांगला शिक्षक ठरतो हे मला कधीच पटलेलं नाही. जगात इंग्रजी वापरणाऱ्यांमध्ये ज्यांची ती मातृभाषा नाही असेच लोक कितीतरी जास्त आहेत. आणि ज्याने स्वतः ही भाषा व्याकरण घासून शिकलेली असते त्याला विद्यार्थी कुठे अडखळतो ते आधीच कळतं. इंग्रजी शिक्षकांची टेसोल ही आंतरराष्ट्रीय संघटना आहे, तिने २००६ मध्येच या भेदभावाच्या विरोधात जाहीर भूमिका घेतलीय. तरी पालकांना गोरा चेहरा हवा असतो, सेंटरवाले पालकांना दुखवत नाहीत, आणि जाहिरातीत नेटिव्ह ओन्ली, म्हणजे इंग्रजी मातृभाषा असलेलेच हवेत, असं लिहून मोकळे होतात. हे अन्यायाचं आहे असं मी तिथे मीटिंगमध्येही बोलायचे. पण अर्ज करणाऱ्याने तेवढ्यावरून खचून जाऊ नये. ज्या शाळा नेटिव्ह ओन्ली लिहितात त्यांच्या मागे न लागता ज्या डेमो बघून घेतात त्यांच्याकडे जा, अशा शाळा आहेत आणि त्यातल्या बऱ्याच जास्त चांगल्या चाललेल्या असतात.

सर्टिफिकेटचं थोडं सविस्तर सांगते कारण सगळ्यात जास्त पैसे इथे जातात. टीईएफएल नावाचं एक सर्टिफिकेट देणारी कोणतीही एक संस्था जगात नाही. कोणीही वेबसाइट काढून १२० तास लिहून पीडीएफ देऊ शकतं आणि देतातच. व्हिडिओ बघायचे, पर्यायी उत्तरांवर टिक करायचं, झालं. याच्या उलट केंब्रिजचा सेल्टा किंवा ट्रिनिटीचा सर्ट टेसोल हे इंग्रजी शिक्षकांचे कोर्स. सेल्टा साधारण १२० तासांचा, ट्रिनिटीचा निदान १३० तासांचा, आणि दोन्हीत ६ तास तुम्हाला खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवावं लागतं, मागे ट्रेनर बसून लिहून घेत असतो आणि नंतर तोंडावर सांगतो काय चुकलं. फुलटाइम केला तर चार-पाच आठवडे श्वास घ्यायला फुरसत नसते. महाग आहे, सगळ्यांना परवडणार नाही हे मला कळतं. पण मग दुसरा कुठलाही कोर्स घेताना एवढं तरी विचारा की यात मी प्रत्यक्ष माणसांना किती तास शिकवणार आणि ते कोण बघणार. उत्तर शून्य असेल तर तुम्ही फक्त व्हिसाच्या फाइलला लावायला एक कागद विकत घेताय, तो लागत असेल तर स्वस्तातला घ्या, पण त्याने शिकवता येईल असं समजू नका.

शिकवता येतं की नाही हे डेमोत पहिल्या पाच मिनिटांत दिसतं. एक उदाहरण देते. उमेदवाराला आम्ही विषय द्यायचो, प्रेझेंट परफेक्ट, वाक्य साधं, आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर फाइव्ह इयर्स. दहातले आठ जण उभे राहून फळ्यावर नियम लिहायचे, हॅव अधिक क्रियापदाचं तिसरं रूप, आणि मग त्यावर दहा मिनिटं बोलायचे. समोर बसलेल्यांनी तोंड उघडलेलंच नसायचं. शेवटी विचारायचं, कळलं का? सगळे हो म्हणणार, वर्गात कळलं का विचारल्यावर नाही कोण म्हणतं. आणि एखादी मुलगी यायची, अनुभव फारसा नाही, ती फळ्यावर एक आडवी रेघ मारायची, मागे एक खूण, ५ वर्षांपूर्वी, पुढे एक खूण, आता. वाक्य म्हणायची आणि विचारायची, ती आता इथे राहते का? हो. आली कधी, आज की आधी? आधी. अजून राहतेच आहे ना? हो. मग जोडीजोडीने एकमेकांना विचारायला लावायची, तुम्ही इथे किती वर्षं राहताय, हे काम किती वर्षं करताय, आणि स्वतः गप्प बसून वर्गात फिरत कान देऊन ऐकायची, चुका मनात टिपून ठेवायची आणि शेवटी त्यातल्या दोन फळ्यावर लिहून वर्गाकडूनच दुरुस्त करून घ्यायची. तिला आम्ही लगेच घ्यायचो. तिचा उच्चार कुठला आहे हे डेमो संपेपर्यंत कोणाच्या डोक्यातही नसायचं.

ही गोष्ट शिकायला परदेशात जावं लागत नाही आणि फार पैसेही लागत नाहीत. अनुभव नाही अनुभव नाही म्हणून रडणाऱ्यांना मी हेच सांगते की अनुभव म्हणजे पगारी नोकरीच पाहिजे असं नाही. एखाद्या सामाजिक संस्थेत आठवड्यातून दोनदा मोठ्या माणसांना बोलायचं इंग्रजी शिकवा, लायब्ररीत गप्पांचा गट चालवा, आय-टॉकीसारख्या ऑनलाइन भाषा शिकवणीच्या साइटवर कम्युनिटी ट्युटर म्हणून सुरुवात करा, तिथे त्यासाठी शिक्षकाचं सर्टिफिकेट मागत नाहीत. सहा महिने नेटाने करा आणि संस्थेकडून लेटरहेडवर पत्र घ्या, कोणाला, किती तास, कोणत्या लेव्हलला शिकवलं ते स्पष्ट लिहिलेलं. असं एक खरं पत्र आणि तुमच्या वर्गाचा पाच मिनिटांचा व्हिडिओ, अर्थात विद्यार्थ्यांची परवानगी घेऊन काढलेला, हे माझ्या टेबलावर आलं की मी तो अर्ज वरच ठेवायचे. सीव्हीत पॅशनेट, डायनॅमिक वगैरे शब्द सगळेच लिहितात, ते कोणी वाचत नाही.

ज्यांना इंग्रजी सोडून आणखी एखादी भाषा येते त्यांनी लँग्वेज असिस्टंटच्या सरकारी योजना बघाव्यात. फ्रान्समध्ये अशा असिस्टंटला आठवड्याला १२ तास काम असतं, फ्रेंच बऱ्यापैकी यावं लागतं आणि वयाची अट असते. पैसे बेताचेच, पण वर्ग खरा असतो.

कागदांबद्दल एकच, पदवी आणि पोलीस दाखला या दोन्हींवर ॲपॉस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा सरकारी शिक्का, किंवा दूतावासाचा शिक्का लागतो आणि यात आठवडेच्या आठवडे जातात. १९६१ च्या हेग करारात असलेल्या देशांना ॲपॉस्टिल पुरतं, चीनही ७ नोव्हेंबर २०२३ पासून त्यात आलाय, बाकीच्यांसाठी दूतावासाची पायरी वाढते. पोलीस दाखला जुना चालत नाही, तो सगळ्यात शेवटी काढा.

आता ज्याची मला सगळ्यात जास्त भीती वाटते ते. एजंट म्हणतो टुरिस्ट व्हिसावर या, शिकवायला लागा, परमिट नंतर करून देतो. हे ऐकलं की फोन ठेवायचा. थायलंडमध्ये परमिटशिवाय काम करताना सापडलात तर ५,००० ते ५०,००० बाट दंड, देशाबाहेर काढतात आणि वर २ वर्षं परमिट मिळत नाही, आणि हे सगळं शिक्षकाच्या वाट्याला येतं, एजंट तोपर्यंत नंबर बदलून बसलेला असतो. पगार थकवला तरी तक्रार करायची सोय राहत नाही कारण कागदावर तुम्ही तिथे नोकरीलाच नसता.

आणि त्याहून वाईट म्हणजे कंबोडिया, म्यानमारकडची बनावट नोकऱ्यांची जाळी. चांगला पगार, राहणं फुकट, तिकीट आम्ही देतो, अनुभव नको, इंग्रजी आलं की पुरे, असं सांगून माणसं नेतात, पोचल्यावर पासपोर्ट काढून घेतात आणि कंपाउंडमध्ये कोंडून ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपतात. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये अंदाज दिला होता, म्यानमारमध्ये निदान १,२०,००० आणि कंबोडियात सुमारे १,००,००० माणसं अशी अडकलेली असू शकतात. इंग्रजी बोलणारे तरुण त्यांना हवेच असतात. त्यामुळे जी शाळा व्हिडिओवर डेमो मागत नाही, जिचा प्रिन्सिपल कॉलवर येत नाही, जिथे आधी शिकवलेल्या शिक्षकाशी तुमचं बोलणं करून देत नाहीत आणि फक्त टेलिग्रामवर तिकीट पाठवते, तिथे जाऊ नका, पगार कितीही मोठा असो. खऱ्या शाळेला तुमचा डेमो हवा असतो.

कॉन्ट्रॅक्ट हातात आलं की पगाराचा आकडा बघायच्या आधी तासांचा बघा. वर्गातले २५ तास म्हणजे नुसते २५ नसतात, तयारी, वह्या तपासणं, पालकांना फोन, शनिवारचे इव्हेंट हे त्यात धरलेत की वेगळे ते लिहून घ्या. व्हिसा कोणाच्या नावावर आहे आणि शाळा सोडायची तर रिलीज लेटर, म्हणजे दुसरीकडे जायला मोकळं केल्याचं पत्र, मिळेल का हे विचारा, कोरियासारख्या ठिकाणी व्हिसा त्या मालकाशी बांधलेला असतो. तिथे वर्ष पूर्ण केलं की साधारण एका महिन्याचा पगार सेव्हरन्स, म्हणजे नोकरी सोडतानाची रक्कम म्हणून कायद्यानेच द्यावा लागतो, म्हणून काही क्लासवाले अकराव्या महिन्यात कुरबुरी सुरू करतात असं तिथे शिकवलेल्या मैत्रिणींकडून ऐकलंय. आणि पासपोर्ट शाळेच्या कपाटात ठेवायचा नाही, नोंदणीसाठी दिला तर पावती घ्यायची आणि परत आणायचा.

संपादक साहेब, आता विनंती तुम्हाला. जाहिराती बंद करा असं मी म्हणत नाही, पेपर चालायला त्या लागतात हे समजतं. पण परदेशातल्या नोकरीचं आश्वासन देणारी जाहिरात घेताना तीन गोष्टी लेखी मागा. कोणता देश आणि कोणत्या प्रकारचा व्हिसा, तो व्हिसा आपल्या वाचकांच्या पासपोर्टवर मिळतो का, आणि कोर्समध्ये प्रत्यक्ष शिकवण्याचे तास किती. ज्याच्याकडे उत्तरं असतील तो देईल. जो देणार नाही त्याची जाहिरात छापायची की नाही हे तुम्ही ठरवा, निदान ‘नोकरी पक्की’ हे दोन शब्द तरी त्यातून काढायला लावा. आणि त्याच पुरवणीत महिन्यातून एकदा एकेका देशाचा नियम त्या दूतावासाच्या वेबसाइटवरून घेऊन सरळ भाषेत छापा, तारखेसकट, कारण हे नियम बदलत राहतात. पहिले जपान आणि थायलंड घ्या, तिथे आपल्या मुलांना खरोखर संधी आहे. मजकूर तपासून द्यायला आणि वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं लिहायला मी तयार आहे, त्याचं मानधन नको.

आपली,
एक नियमित वाचक आणि इंग्रजीची शिक्षिका